चित्राखालची पाटी

१९३८ साली हॉलंडमधील रॉटरडॅम शहरात, बॉयमन्स संग्रहालयात, एक मोठे चित्रप्रदर्शन भरले होते. राणी विल्हेल्मिना यांच्या राज्यारोहणाला चाळीस वर्षे पूर्ण झाली होती. त्या निमित्ताने युरोपातील चार शतकांची निवडक चित्रे तेथे मांडली होती. त्यांत सर्वांत जास्त बोलबाला झाला तो नव्याने सापडलेल्या एका चित्राचा. सुमारे सव्वा मीटर रुंदीच्या या तैलचित्रात येशू ख्रिस्त अम्माऊस या गावी दोन शिष्यांसह जेवायला बसला आहे. जवळच एक सेविका उभी आहे. डावीकडून येणारा मंद उजेड, निळा अंगरखा, टेबलावरचे पांढरे भांडे, आणि सगळ्या दृश्यावर पसरलेली शांतता. चित्राखालच्या पाटीवर नाव होते योहानेस व्हर्मीर या सतराव्या शतकातील डच चित्रकाराचे.

सात वर्षांनी, १९४५ साली, हे चित्र व्हर्मीरचे नसून हान व्हॅन मेगेरेन नावाच्या, तेव्हा हयात असलेल्या चित्रकाराने रंगवलेले आहे असे उघडकीस आले. त्यानंतर लोकांना त्या चित्रात वेगळ्याच गोष्टी दिसू लागल्या. पापण्या जड आणि सुजल्यासारख्या, चेहरे निर्जीव, अंगावरची वस्त्रे पुठ्ठ्याची असावीत तशी ताठ. येशूचा चेहरा तर १९३० च्या दशकातील सिनेनटी ग्रेटा गार्बोची आठवण करून देतो, असेही अनेकांना वाटू लागले.

मधल्या काळात त्या चित्रावर कोणी ब्रश फिरवला नव्हता. रंगाचा एक कणही बदलला नव्हता. बदलली होती ती फक्त पाटी. मग १९३८ साली लोक नेमके काय पाहत होते? आणि १९४५ नंतर काय पाहू लागले? हा प्रश्न वरवर कलासमीक्षकांचा वाटतो. पण वर्गात सूक्ष्मदर्शक मांडून "बघा, काय दिसते?" असे विचारणाऱ्या शिक्षकालाही तो तितकाच लागू पडतो. म्हणूनच ही हकिगत आपण जरा तपशिलात पाहू.

थोडी माहिती, मोठी पोकळी

व्हर्मीरचा जन्म १६३२ सालचा, डेल्फ्ट गावातला. वडील खानावळ चालवीत आणि चित्रांची खरेदी-विक्रीही करीत. १६५३ साली व्हर्मीर गावातल्या चित्रकार संघाचा सभासद झाला आणि १६७५ साली, कर्जबाजारी अवस्थेत वारला. त्याची पत्रे मिळालेली नाहीत, रेखाटने मिळालेली नाहीत, तो कोणाकडे शिकला हेही कोठे नोंदलेले नाही. आज जगभरात मिळून त्याची जेमतेम ३५ ते ३७ चित्रे मानली जातात.

मृत्यूनंतर जवळजवळ दोनशे वर्षे डेल्फ्टबाहेर त्याचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते. १८६६ साली तेओफिल तोरे या फ्रेंच समीक्षकाने त्याच्यावर लेखमाला लिहिली आणि तेव्हापासून त्याचे नाव पुढे आले. तरीही त्या नावाचा प्रकाश सगळ्या चित्रांवर एकदम पडला नाही. 'मोत्याचे डूल घातलेली मुलगी' हे त्याचे आज जगप्रसिद्ध असलेले चित्र १८८१ साली हेग येथील लिलावात विकले गेले तेव्हा मळलेले आणि खराब झालेले होते. एक-दोन जाणकारांना ते व्हर्मीरचे असावे अशी शंका होती. त्यांनी आपसात ठरवून एकमेकांविरुद्ध बोली लावली नाही. इतर कोणाला कल्पना नव्हती. चित्र गेले २ गिल्डर ३० सेंटना! तीच मुलगी, तोच मोती. फक्त खाली नाव लिहिलेले नव्हते.

ज्याच्याविषयी माहिती थोडी आणि आदर फार, अशा माणसाच्या चरित्रातल्या रिकाम्या जागा भरण्याचा मोह अभ्यासकांना होतोच. व्हर्मीरची बहुतेक चित्रे घरगुती प्रसंगांची आहेत. खिडकीशी पत्र वाचणारी बाई, दूध ओतणारी दासी, वाद्य वाजवणारी तरुणी. पण १९०१ च्या सुमारास 'मार्था आणि मरिया यांच्या घरी येशू' हे बायबलमधील प्रसंगाचे, आकाराने मोठे असे एक चित्र त्याचे म्हणून ओळखले गेले. त्याची धाटणी इटालियन वळणाची आहे. यावरून काही अभ्यासकांनी तर्क केला की, तरुणपणी व्हर्मीरवर इटलीच्या काराव्हाज्जो या चित्रकाराचा प्रभाव पडला असावा. मग त्याने आणखीही धार्मिक चित्रे काढली असतील आणि ती आज ना उद्या सापडतील. तर्क वेडगळ मुळीच नव्हता. विज्ञानातही आपण असेच करतो. आवर्तसारणीत रिकामे घर दिसले की, तेथे बसणारे मूलद्रव्य शोधू लागतो.

ही वाट पाहणाऱ्यांमध्ये अब्राहम ब्रेडियस हे नाव मोठे होते. १८५५ साली जन्मलेले ब्रेडियस हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयाचे वीस वर्षे संचालक होते. दुसऱ्याच चित्रकाराच्या नावावर विकले जात असलेले एक चित्र व्हर्मीरचे आहे हे त्यांनी १८९९ साली ओळखले होते, आणि ते बरोबर ठरले होते. त्यांनी एखाद्या चित्राला 'हा व्हर्मीर' म्हटले की, प्रश्न मिटला असे समजले जाई.

चित्र नव्हे, तर्क रंगवला

हान व्हॅन मेगेरेन हा १८८९ साली डेव्हेंटर येथे जन्मलेला डच चित्रकार. त्याचा हात तयार होता, पण जुन्या वळणाच्या त्याच्या चित्रांना समीक्षकांनी फारशी किंमत दिली नाही. १९३२ साली तो दक्षिण फ्रान्समध्ये राहायला गेला आणि तेथे त्याने काही वर्षे पद्धतशीर प्रयोग केले. प्रयोग हाच शब्द योग्य आहे, कारण त्याच्यापुढची अडचण रसायनशास्त्राची होती.

तैलचित्राचा रंग जवसासारख्या तेलात कालवलेला असतो. हे तेल हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून हळूहळू घट्ट होते. वरची साय काही दिवसांत धरते, पण रंग पुरता कठीण व्हायला कित्येक दशके लागतात. त्यामुळे जुने चित्र ओळखण्याची एक सोपी चाचणी होती. अल्कोहोलमध्ये बुडवलेला बोळा रंगावरून फिरवायचा. रंग ताजा असेल तर बोळ्याला लागतो, जुना असेल तर लागत नाही.

व्हॅन मेगेरेनने यावर उपाय शोधला तो त्याच्या काळातल्या नव्या पदार्थाचा. फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांच्यापासून बनणारे बॅकेलाइट आपल्या परिचयाचे आहे. विजेची जुनी काळी बटणे त्याचीच असत. हे राळेसारखे द्रव्य तापवले की कायमचे कठीण होते आणि मग ते अल्कोहोलला दाद देत नाही. त्याने रंगांत हे द्रव्य आणि सुवासिक तेल मिसळले, आणि रंगवलेले चित्र भट्टीत शंभर अंशांच्या थोड्या वर तापमानाला भाजले. तीनशे वर्षांचा कठीणपणा दोनेक तासांत आला.

बाकीची तयारीही अशीच काटेकोर होती. कॅनव्हास त्याने सतराव्या शतकातलाच घेतला. त्यावरचे जुने चित्र खरवडून काढले, पण तळाचा थर आणि त्यातील भेगांची जाळी शक्य तेवढी ठेवली, म्हणजे त्या भेगा नव्या रंगातून वर येतील. भाजलेले चित्र नळकांड्यावर गुंडाळून आणखी तडे पाडले आणि त्यांत काळी शाई भरली, म्हणजे शतकांची धूळ बसल्यासारखी वाटेल. पांढऱ्यासाठी शिशाचा सफेदा, निळ्यासाठी लाजवर्द दगडाची पूड, असे व्हर्मीरच्या काळातलेच रंग वापरले.

पण या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. सरावासाठी त्याने व्हर्मीरच्या प्रसिद्ध चित्रांच्या वळणाची काही चित्रे काढली होती. एक सुरावट वाचणारी स्त्री, एक वाद्य वाजवणारी स्त्री. ती त्याने विकली नाहीत. ती पुढे त्याच्या फ्रान्समधल्या घरातच सापडली. अशी चित्रे बाजारात आणली असती तर कोणीही ती अस्सल चित्राशेजारी ठेवून ताडून पाहिली असती. विक्रीसाठी त्याने जे रंगवले त्यासारखे व्हर्मीरचे एकही चित्र जगात नव्हते, होता तो फक्त अभ्यासकांचा तर्क. मोठ्या आकाराचे, बायबलमधील प्रसंगाचे, काराव्हाज्जोची आठवण करून देणारे चित्र. काराव्हाज्जोने अम्माऊसचा हाच प्रसंग दोनदा रंगवलेला आहे. तेव्हा व्हॅन मेगेरेनने नक्कल केली ती व्हर्मीरच्या चित्राची नव्हे, व्हर्मीरविषयीच्या माहितीची. मूळच नसल्यामुळे तुलना होण्याची भीती नव्हती.

ब्रेडियस काय पाहत होते?

१९३७ साली हे चित्र एका प्रतिष्ठित मध्यस्थामार्फत ब्रेडियस यांच्यापुढे आले. सोबत एक गोष्टही होती. एका कुटुंबाला हे चित्र गुपचूप विकणे भाग आहे आणि नाव उघड करता येत नाही. ब्रेडियस तेव्हा ८२ वर्षांचे होते आणि मोनाको येथे राहत होते. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते दारात येऊन उभे राहिले होते. त्याच वर्षी इंग्लंडमधील 'बर्लिंग्टन मॅगझिन' या नियतकालिकात लेख लिहून त्यांनी हे चित्र व्हर्मीरचे, किंबहुना त्याची सर्वश्रेष्ठ कृती असल्याचे जाहीर केले. बॉयमन्स संग्रहालयाने देणगीदारांच्या मदतीने ते पाच लाखांहून अधिक गिल्डरना विकत घेतले.

ब्रेडियस यांची नजर म्हातारपणामुळे कमी झाली होती, असे म्हणून ही गोष्ट झटकून टाकता येत नाही. हे चित्र त्यांच्याहून तरुण असलेल्या अनेक तज्ज्ञांनी पाहिले आणि मान्य केले. त्यांना चित्र दिसत नव्हते असे नाही. चित्रातला प्रत्येक तपशील त्यांना दिसत होता, पण तो अगोदरच्या माहितीत बसवला जात होता. चेहरे व्हर्मीरच्या नेहमीच्या चेहऱ्यांसारखे नाहीत? साहजिकच आहे, हा वेगळ्या काळातला, धार्मिक व्हर्मीर. इटालियन छटा आहे? तर्क खरा ठरला. अल्कोहोलने रंग निघत नाही? म्हणजे जुना. विरोधी जाणारा पुरावासुद्धा अशा वेळी पाठिंब्याचा होऊन बसतो.

सगळेच फसले असेही नाही. ड्यूव्हीन या बड्या चित्रविक्रेत्यांच्या पॅरिसमधील माणसांनी १९३७ सालीच चित्र पाहिले आणि ते बनावट असल्याची तार न्यूयॉर्कला केली. या व्यापाऱ्यांना धार्मिक व्हर्मीरच्या तर्काशी देणेघेणे नव्हते. त्यांना चुकीच्या चित्रात अडकणारे आपले पैसे दिसत होते. वेगळी पार्श्वभूमी, वेगळी नजर. पण तज्ज्ञांनी एकदा निर्णय दिल्यावर त्या तारेला कोण विचारणार?

आणि एक व्हर्मीर मान्य झाल्यावर पुढचे काम आणखी सोपे झाले. व्हॅन मेगेरेनने त्यानंतर आणखी काही धार्मिक 'व्हर्मीर' रंगवले. ते उत्तरोत्तर ओबडधोबड होत गेले, तरी खपले. कारण आता ताडून पाहायला एक प्रमाण चित्र होते, आणि ते त्यानेच काढलेले होते.

तुरुंगातून आलेली कबुली

दुसऱ्या महायुद्धात हॉलंड जर्मनांच्या ताब्यात होते. त्या काळात यांपैकी 'येशू आणि व्यभिचारिणी' हे चित्र हिटलरचा उजवा हात हर्मन गोअरिंग याच्याकडे गेले. किंमत ठरली साडेसोळा लाख गिल्डर, आणि ती गोअरिंगने आपल्या संग्रहातली इतर चित्रे देऊन चुकती केली. युद्ध संपल्यावर दोस्तसैन्याला हे चित्र सापडले. माग काढत पोलीस व्हॅन मेगेरेनपर्यंत पोचले आणि मे १९४५ अखेर त्याला अटक झाली. आरोप होता राष्ट्राचा ठेवा शत्रूला विकल्याचा, म्हणजे देशद्रोहाचा.

सुमारे सहा आठवड्यांनी त्याने तोंड उघडले. ते चित्र व्हर्मीरचे नाही, मी काढलेले आहे. आणि रॉटरडॅमचे ते प्रसिद्ध चित्रही माझेच. यावर विश्वास कोण ठेवणार? म्हणून १९४५ च्या उत्तरार्धात पोलिसांच्या देखरेखीखाली त्याच्याकडून 'धर्मपंडितांमध्ये बसलेला येशू' हे चित्र त्याच पद्धतीने काढून घेण्यात आले. चित्रकारावर आपणच खोटे काढले हे सिद्ध करण्याची पाळी यावी, असा प्रसंग विरळाच.

मग ब्रुसेल्स येथील संग्रहालय-प्रयोगशाळेचे प्रमुख, रसायनतज्ज्ञ पॉल कोरेमान्स यांच्या नेतृत्वाखाली तपासणी समिती नेमली गेली. रंगांत फिनॉल-फॉर्माल्डिहाइडचे द्रव्य मिळाले. हा पदार्थ सतराव्या शतकात अस्तित्वातच नव्हता. भेगांतली 'धूळ' सर्वत्र सारखी, शाईसारखी होती. गोअरिंगच्या चित्रात कोबाल्ट निळा हा रंग सापडला. तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वापरात आला आहे. 'शेवटचे भोजन' या दुसऱ्या एका चित्राच्या क्ष-किरण छायाचित्रात खाली शिकारीचे जुने चित्र दिसले. २९ ऑक्टोबर १९४७ रोजी ॲम्स्टरडॅम येथे खटला चालला आणि १२ नोव्हेंबरला फसवणुकीबद्दल एक वर्षाची शिक्षा झाली. ती भोगण्यापूर्वीच, ३० डिसेंबर १९४७ रोजी, व्हॅन मेगेरेन हृदयविकाराने मरण पावला.

शिशाने दिलेली साक्ष

एवढ्या पुराव्यानंतर तरी वाद संपायला हवा होता. तसे झाले नाही. बेल्जियमचे चित्रतज्ज्ञ झाँ दकॉन यांनी १९५१ साली पुस्तक लिहून 'अम्माऊस' आणि 'शेवटचे भोजन' ही चित्रे व्हर्मीरचीच आहेत असा दावा केला. 'शेवटचे भोजन' विकत घेणारे संग्राहक व्हॅन ब्यूनिंगेन यांनी कोरेमान्सवरच दावा ठोकला. १९५५ साली ते वारले आणि निकाल कोरेमान्सच्या बाजूने लागला. यात पैशाचा भाग होताच. पण चित्राचे जे रूप वर्षानुवर्षे डोळ्यांत भरलेले असते, ते प्रयोगशाळेचा अहवाल वाचून पुसले जात नाही हेही खरे.

१९६८ साली अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील बर्नार्ड काइश यांनी वेगळाच साक्षीदार उभा केला. तो म्हणजे चित्रातला शिशाचा सफेदा. यातील गणित नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना सहज समजेल असे आहे.

शिशाच्या खनिजात युरेनियम अत्यल्प प्रमाणात असते. त्याच्या विघटनातून रेडियम-२२६ तयार होते आणि रेडियमपासून काही टप्प्यांनी शिसे-२१० हे किरणोत्सारी शिसे बनते. खनिजात हे सगळे लाखो वर्षे एकत्र असल्याने दोघांच्या विघटनाचा वेग सारखा झालेला असतो. जेवढे शिसे-२१० संपते तेवढेच रेडियमपासून नवे तयार होते. पण खनिज वितळवून शिसे काढले की, रेडियमचा बहुतेक भाग धातुमळीबरोबर निघून जातो. शिसे-२१० मात्र शिशातच राहते, कारण रासायनिकदृष्ट्या ते शिसेच आहे. आता उत्पन्न बंद आणि खर्च चालू. शिसे-२१० चा अर्धायुकाल सुमारे २२ वर्षे. म्हणजे दर २२ वर्षांनी जादा शिसे-२१० निम्मे होणार, आणि अखेर उरलेल्या थोड्या रेडियमच्या पातळीवर येऊन स्थिरावणार. तीनशे वर्षांच्या चित्रात दोन्हींचे आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत.

'अम्माऊस'च्या रंगात दर ग्रॅम शिशामागे दर मिनिटाला रेडियमची विघटने होती ०.८, तर शिसे-२१० ची (त्यापासून बनणाऱ्या पोलोनियमवरून मोजलेली) ८.५. फरक ७.७. आता वाद घालण्यापुरते समजू की चित्र व्हर्मीरचे आहे. २२ वर्षांचे १३ टप्पे मागे गेले तर २८६ वर्षे होतात, म्हणजे आपण १६८२ सालात येतो. व्हर्मीर त्याआधी सात वर्षे वारला होता, तरी त्याला तेवढी सूट देऊ. प्रत्येक टप्प्याला आकडा दुप्पट करायचा, म्हणजे ७.७ ला २ च्या तेराव्या घाताने, ८१९२ ने, गुणायचे. उत्तर ६३ हजारांच्या वर जाते! इतकी किरणोत्सारिता असायला शिशाच्या खनिजात जेवढे युरेनियम लागेल, तेवढे ते नसते. उलट चित्र १९३७ चे धरले तर ३१ वर्षांपूर्वीचा आकडा येतो सुमारे २०, आणि तो ताज्या शिशाला शोभणारा आहे.

मात्र शिशाने काय सांगितले आणि काय नाही, हेही विद्यार्थ्यांपुढे स्पष्ट करावे. रंग तीनशे वर्षांचा नाही एवढेच ते सांगते. चित्र कोणी काढले आणि ते चांगले की वाईट, याविषयी ते गप्प आहे.

डोळा, मेंदू आणि सूचना

पाटीचा परिणाम फक्त मतावर होतो की पाहण्यावरही? सोव्हिएत संशोधक आल्फ्रेड यार्बुस यांनी इल्या रेपिन यांचे 'अनपेक्षित पाहुणा' हे चित्र दाखवून प्रेक्षकाच्या नजरेची वाटचाल नोंदवली. त्यांचे पुस्तक १९६५ साली रशियनमध्ये आणि १९६७ साली इंग्रजीत आले. एका खोलीत एक माणूस अचानक येतो आणि घरातली माणसे चकित होऊन पाहतात, असे ते चित्र आहे. "या माणसांची वये सांगा" म्हटल्यावर नजर चेहऱ्याचेहऱ्यावर फिरत राहिली. "यांची सांपत्तिक स्थिती कशी असेल?" म्हटल्यावर ती सामानसुमान आणि कपड्यांकडे वळली. चित्र एकच, पण प्रश्न बदलला की डोळ्यांचा रस्ता बदलला.

२०११ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १४ जणांना रेम्ब्रांटची आणि त्याच्या धाटणीची इतरांची मिळून ५० व्यक्तिचित्रे दाखवली. दाखवताना मेंदूची प्रतिमाने घेतली. प्रत्येक चित्रापूर्वी ते अस्सल आहे की नक्कल, हे सांगितले जाई, पण ते सांगणे खरे असेलच असे नाही. मेंदूच्या दृष्टीशी संबंधित भागांत खऱ्या आणि खोट्या चित्रांमुळे फरक पडलेला दिसला नाही. फरक पडला तो सांगण्यामुळे, आणि मेंदूच्या इतर भागांत. 'अस्सल' असे ऐकल्यावर मोबदल्याशी, लाभाशी निगडित असलेल्या भागात हालचाल वाढली. 'नक्कल' म्हटल्यावर पुढच्या बाजूचे काही भाग जास्त कामाला लागले. जणू माणूस आता चुका शोधू लागला होता.

आम्ही प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनी यावर हसण्याचे कारण नाही. १९०३ साली फ्रान्समध्ये ब्लोंडलो या नावाजलेल्या भौतिकीतज्ज्ञाने 'एन-किरण' नावाचे नवे किरण सापडल्याचे जाहीर केले, आणि इतर अनेकांनाही ते दिसू लागले. १९०४ साली अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट वुड ते पाहायला गेले. अंधाऱ्या खोलीत त्यांनी उपकरणातला लोलक हळूच काढून घेतला. निरीक्षकांना किरण पूर्वीसारखेच दिसत राहिले! लबाडी कोणी केली नव्हती. काय दिसायला हवे हे ठाऊक होते, म्हणून ते दिसत होते.

फसवणाऱ्याचीही एक पाटी

या कथेला आणखी एक पदर आहे. खटल्याच्या वेळी व्हॅन मेगेरेन डच लोकांच्या गळ्यातला ताईत झाला. समीक्षकांनी डावललेला गुणी कलावंत, ज्याने शहाण्यांची जिरवली आणि गोअरिंगलाही टोपी घातली! त्याची गोष्ट अशी सांगितली गेली, आणि तीत त्याचा स्वतःचाही वाटा होता. युद्धाने पोळलेल्या लोकांना ती हवी होती. मग त्याच्या चित्रांतही लोकांना बंडखोरी आणि प्रतिभा दिसू लागली.

वास्तविक त्याच्या चित्रसंग्रहाची हिटलरला अर्पण केलेली प्रत बर्लिनमध्ये सापडल्याचे १९४५ सालीच छापून आले होते. सही माझी, पण मजकूर दुसऱ्याने घातला, असे त्याचे म्हणणे होते. २००८ साली जोनाथन लोपेझ या अमेरिकन अभ्यासकाने कागदपत्रे तपासून दाखवले की, व्हॅन मेगेरेन १९२० च्या दशकापासूनच पैशासाठी बनावट चित्रे करीत होता आणि नाझी विचारांकडे त्याचा ओढा होता. म्हणजे दुखावलेल्या कलावंताची कथा हीसुद्धा एक पाटीच होती. ती वाचून लोकांनी माणूस पाहिला.

मग पाटी काढून टाकावी का?

काहींना वाटेल, सगळी माहिती बाजूला सारून निखळ डोळ्यांनी चित्र पाहावे. पण असे डोळे कोणाजवळ असतात? अम्माऊसची कथा ठाऊक नसलेल्याला त्या चित्रात चार माणसे आणि पाव एवढेच दिसेल. पुनरुत्थान झालेल्या येशूला शिष्य ओळखत नाहीत आणि पाव मोडताना एकाएकी ओळखतात, हे कळल्यावरच तो थबकलेला क्षण जाणवतो. माहितीने नजर बांधली जाते तशी ती उघडतेही. ब्रेडियस यांच्याजवळ माहिती होती हा दोष नव्हता. त्यातली कोणती सिद्ध झालेली आणि कोणती आपण तर्काने भरलेली, यांतली रेघ पुसली गेली होती.

ही रेघ ओढण्याची सवय वर्गात लावता येते. कांद्याच्या पापुद्र्याच्या पेशी दाखवताना आपण बहुधा आधी फळ्यावर आकृती काढतो आणि मग सूक्ष्मदर्शक देतो. साहजिकच मुलांच्या वह्यांत पुस्तकातली आकृती उतरते. हवेचा बुडबुडा किंवा दुमडलेला पापुद्रा कोणीच काढत नाही. एकदा क्रम उलटा करून पाहावा. आधी दिसेल ते काढायचे, मग पुस्तक उघडायचे, आणि दोन्हींत काय वेगळे आहे याची यादी करायची.

दुसरा प्रयोग चित्राचा. वर्गाचे दोन गट करावेत. दोघांना एकच अपरिचित चित्र द्यावे. एका गटाच्या चिठ्ठीवर 'तीनशे वर्षांपूर्वीच्या थोर चित्रकाराचे' आणि दुसऱ्याच्या चिठ्ठीवर 'गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने काढलेले' असे लिहावे. प्रत्येकाने चित्राविषयी पाच वाक्ये लिहायची. मग स्तुतीचे आणि दोष दाखवणारे शब्द मोजून फळ्यावर तक्ता करायचा. तास संपण्यापूर्वी खरी माहिती सांगायला मात्र विसरू नये. आणि त्यानंतर मुलांनी विचारले, "सर, आता तुम्ही सांगता ते तरी खरे कशावरून?" तर रागावू नये. ते तपासायचे कसे, हाच पुढच्या तासाचा विषय करावा.